हत्ती, गाढव आणि उघड्या खिडक्या

"एक दमडी देऊ नका त्यांना! आधी तारीख घाला, तारीख!"

हसनमिया ओरडत होता. हातात झारा, झाऱ्यात शेरी माशाचा अर्धा तळलेला तुकडा, तुकड्यातून तेल ठिबकतंय गालिच्यावर, आणि झारा रोखलाय टीव्हीवरच्या एका निळ्या टायवाल्या गृहस्थावर. तो गृहस्थ अमेरिकेच्या संसदेत उभा राहून पैशाबद्दल बोलत होता. दोह्याच्या नजमा भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आपल्यावर मासा रोखला गेलाय, याची त्या बिचाऱ्याला काय कल्पना!

"अरे गाढवा," पलंगावरून फ्रान्सिस ओरडला, "पैसे दिले नाहीत तर तुझीच नोकरी जाईल! तुझी बायको तिकडेच राहील दापोलीला!"

"ऱ्हाऊ दे! पन तारीख पायजे!"

गंगाधरने खलबत्त्यातला बत्ता जमिनीवर आपटला. तो आमचा सभापती. बत्ता असा आपटला की खालच्या मजल्यावरच्या पठाणाची दाढी एका अंगाला कलली, ती पुढे रमजानपर्यंत सरळ झाली नाही. "बसा की खाली," गंगाधर म्हणाला. "मासा जळायलाय."

हे सगळं खालच्या गल्लीत ऐकू गेलं, कारण त्याच सकाळी आम्ही खिडकी उघडली होती.

दोह्यात ऋतू दोन. एक खिडकी बंद असण्याचा, एक खिडकी उघडी असण्याचा. बाकीचं सगळं पंचांगवाल्यांनी पोटापाण्यासाठी वाढवून ठेवलेलं आहे. धुळीचं वारं सुटायच्या आधी आम्ही खिडक्यांच्या फटींवर खोकी बांधायची तपकिरी चिकटपट्टी लावायचो, ती थेट नोव्हेंबरात निघायची. मधले सगळे महिने एसीची घरघर. तिच्यात माणूस शेजारी बसून काय बोलतो तेही कळत नाही, आणि म्हणूनच आमची दोस्ती टिकली असावी. मग एका सकाळी हवा हलकी व्हायची. फ्रान्सिस नखाने पट्टीचं टोक उचलायचा आणि एका दमात ओढायचा. चर्रर्रर्र! त्या आवाजाने कतारमधला हिवाळा सुरू व्हायचा. वेधशाळेला नंतर कळायचं.

आज पुन्हा नोव्हेंबर आहे. आता मी दोह्यातच, अल सद्द भागात राहतो. खिडक्या नव्या पद्धतीच्या, पट्टी लागत नाही, सरकवल्या की झालं. सकाळी मी खिडकी सरकवली तशी आतून लेक ओरडली, "बाबा, प्लीज, डस्ट येतेय, क्लोज इट!" मी काही बंद केली नाही. खालून कुणाच्या तरी फोडणीचा वास आला, मोटारींचे हॉर्न आले, आणि मागे टीव्हीवर बातमी चालू होती: अमेरिकेत दोन पक्ष पुन्हा भांडतायत, खर्चाचं विधेयक अडकलंय, सरकारी कचेऱ्यांना टाळं लागणार. मी मनात म्हटलं, आला मोसम. आपल्याकडे बोरं येतात तशी त्यांच्याकडे भांडणं येतात. मधल्या काळात किती अध्यक्ष आले नि गेले, पण हवा हलकी झाली की ते लोक बाह्या सरसावणार म्हणजे सरसावणार. आणि बाह्या सरसावलेला अमेरिकन दिसला की मला शेरी तळल्याचा वास येतो.

त्या वर्षीचं भांडण आधी नीट सांगतो, कारण ते माझ्याइतकं त्यांच्यातल्याही कुणाला समजलं नव्हतं. शेजारी इराकमध्ये त्यांची लढाई चालू होती. लढाईला पैसे लागतात, पैसे संसद देते. एक पक्ष म्हणत होता, पैसे घ्या, पण सैन्य घरी कधी येणार त्याची तारीख त्याच कागदावर लिहा. दुसरा म्हणत होता, पैसे द्या, तारीखबिरीख काही मिळणार नाही. झालं. एवढ्याशा गोष्टीवर ते लोक आठवडेच्या आठवडे बोलत होते. पहिल्या पक्षाची खूण गाढव, दुसऱ्याची हत्ती. आता सांगा, जगातला कुठला शहाणा देश आपल्या पक्षाला गाढवाची खूण घेईल? पण त्यांनी घेतली आहे, आणि अभिमानाने मिरवतात. यावरूनच मी ओळखलं की हा देश लवकर बुडायचा नाही.

आमच्या खोलीचेही पक्ष पडले. फ्रान्सिस वसईचा, एका इस्पितळाच्या कचेरीत कामाला, अंगाने मूळचाच हत्ती. त्याने हत्ती घेतला. मी अल सद्दच्या एका कंपनीत पत्रं टाइप करायचो, साहेबांची इंग्रजी सुधारून द्यायचो, म्हणून जागतिक राजकारणावर माझा अधिकार. मीही हत्ती. गंगाधर लातूरकडचा, सर्व्हेयर, दिवसभर दुर्बिणीतून सरळ रेघ बघणारा माणूस, म्हणून सभापती. उरला हसनमिया. तो गाढव. आणि त्याला त्याचं काडीचं वाईट वाटत नव्हतं. सगळा घोळ इथेच होता.

कारण हसनमिया शहराबाहेरच्या अमेरिकन छावणीत कामाला होता. एका कंत्राटदाराकडे, सैनिकांचे कपडे धुण्याच्या विभागात. मोठमोठी यंत्रं. हसनमिया सांगायचा की एका यंत्रात अख्खी म्हैस उभी राहील. मी पुढे लोकांना सांगताना दोन म्हशी केल्या. त्या ऑक्टोबरात कंत्राटदाराने सगळ्यांना उभं करून सांगितलं: तिकडून पैसे मंजूर होईपर्यंत कुणाचंही कंत्राट वाढणार नाही. खलास.

आणि हसनमियाला तर नेमकं त्याच वर्षी कंत्राट वाढवून हवं होतं. इतकी वर्षं नजमात आमच्यासारखा सडाफटिंग राहून आता कुठे त्याला कुटुंब आणायची परवानगी मिळायची होती. ओल्ड एअरपोर्ट भागात दोन खोल्यांचं घर बघून ठेवलेलं. दापोलीजवळच्या गावात जुबेदाभाभी आणि छोटी रुखसार पिशव्या भरून बसलेल्या. रुखसार बापाला सुट्टीतच काय ती ओळखायची, एरवी फोनमधला आवाज म्हणून. कंत्राट वाढलं तर परवाना, परवाना तर व्हिसा, व्हिसा तर विमान. सगळी मोट बांधलेली होती त्या निळ्या टायवाल्याच्या हातवाऱ्याला.

एका शुक्रवारी हसनमिया ते रिकामं घर बघायला गेला, मी बरोबर होतो. दोन्ही खोल्यांना मोठ्या खिडक्या. त्याने तिथूनच जुबेदाभाभीला फोन लावला आणि खिडकी वितीने मोजू लागला. भिंतीवर पंजा पसरत, पालीसारखा सरकत, तो वर चढत होता आणि फोनमध्ये विती सांगत होता. भाभी तिकडे पडदे शिवणार होती. कापड आधीच घेतलेलं, हिरवं, त्यावर पांढरी फुलं. मी म्हटलं, अरे, गंगाधरकडे मोजपट्टी आहे, जगातली सगळ्यात लांब. तर म्हणाला, "पट्टी कशाला? तिला माझी वीत माहीत हाय."

अशा माणसाने हत्तीच्या बाजूने ओरडायला नको? पण नाही. दर शुक्रवारी हा जुम्याचा नमाज पढून यायचा, फ्रान्सिस मिस्सा ऐकून यायचा (दोह्यात रविवारचं मिस्साही शुक्रवारी, देवाने तिथे सुट्टीप्रमाणे जुळवून घेतलं होतं), मासा कढईत पडायचा, टीव्ही लागायचा आणि हसनमिया स्वतःच्या पोटावर झारा मारून घ्यायचा. तारीख घाला! पैसे अडवा!

माझं काम दुभाष्याचं. अमेरिकन माणूस संसदेत बोलतो तेव्हा त्याचं इंग्रजी नाकातून येतं, कानाने ऐकून चालत नाही. मी वाक्यावाक्याला मराठी करून देत असे, आणि माझी मराठी त्यांच्या इंग्रजीपेक्षा नेहमी दुप्पट लांब भरे. "काय म्हनतो तो पांढऱ्या केसांचा?" हसनमिया विचारायचा.

"म्हणतो, सन्माननीय सदस्यहो, तुम्ही इथे गारव्यात बसून भांडताय, पण त्या वाळवंटात जे लोक कपडे धुतायत त्यांच्या मुलाबाळांचं काय?"

"खरंच असा म्हनला?"

"शब्दशः. आणि आता बघ, रुमाल काढला. डोळे पुसतोय."

म्हातारा नाक पुसत होता. फ्रान्सिसला इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं. पण त्याने मान वळवून खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "हो रे, म्हातारा दिलदार दिसतो." पक्ष एकच असला तरी अशी निष्ठा मी अमेरिकेत पाहिलेली नाही.

हे वारं आमच्या स्वयंपाकघरात शिरलं नसतं तरच नवल. अमेरिकेत एक युक्ती असते: हवं असलेल्या विधेयकाला नको असलेलं शेपूट बांधायचं. आम्ही हत्तींनी ठराव आणला: दर शुक्रवारी मासा. गाढवाने त्याला शेपूट बांधलं: जो मासा खाईल तो कढई घासेल. यावर फ्रान्सिस उभा राहून बोलू लागला. कढईच्या विरोधात तो इतका वेळ बोलला की सुरुवात झाली तेव्हा माझी दाढी गुळगुळीत होती आणि शेवट झाला तेव्हा पुन्हा साबण लावावा लागला. सभापतीने आपलं मत गाढवाला दिलं, दोन विरुद्ध दोन अडकलं, त्याने बत्ता आपटला, स्वयंपाकघराला टाळं. चार दणकट पुरुष जिना उतरून कुट्टीच्या कॅफेटेरियात पराठे खायला गेले. कुट्टी केरळचा, त्याच्याकडे आम्ही चहापुरतेच जायचो. त्याने विचारलं, "क्या हुआ भाई, गॅस खतम?"

गंगाधर गंभीरपणे म्हणाला, "नहीं. सरकार बंद है."

कुट्टीने आमच्याकडे, मग टीव्हीकडे, मग पुन्हा आमच्याकडे पाहिलं आणि चार चहा जास्तीचे दिले. त्याला वाटलं, भारतात काहीतरी झालं.

हसता हसता माणूस किती गोष्टी लपवू शकतो हे त्या हिवाळ्यात कळलं. आमच्या खोलीला दोन खिडक्या होत्या. एक उघडली होती. दुसरी हसनमियाच्या पलंगावरची, तिच्या पट्टीला त्याने हात लावू दिला नाही. "बिल पास झाल्यावर काढू," म्हणाला. आमच्याकडे लोक नवस बोलतात नारळाचा, चादरीचा, मेणबत्तीचा. हा नवस चिकटपट्टीचा. फ्रान्सिसने तर खरोखरच मेणबत्ती लावली. फादरांनी विचारलं, कुणासाठी, बाळ? हा म्हणाला, "पुरवणी मागण्यांसाठी, फादर." फादरही वसईकडचेच. म्हणाले, लाव.

एका शुक्रवारी मी हसनमियाला विचारलं, "नमाजात दुवा काय मागितलीस?"

तो कांदा चिरत होता. "दोनी."

"दोन्ही म्हणजे?"

"लढाय थांबू दे. आनि कंत्राट ऱ्हाऊ दे."

"अरे मेल्या," मी म्हटलं, "अशी दुवा वर पोचत नाही. तिथेही कुणीतरी सभापती असेल. म्हणेल, आधी घरात एकमत करून या."

 सुरी खाली ठेवून त्याने पलंगाखालून चपला ओढल्या, कामावरच्या. उलट्या करून उघड्या खिडकीच्या कठड्यावर आपटल्या. थोडी वाळू पडली. कतारची वाळू मी रोज बघत होतो, फिकट, ज्वारीच्या पिठासारखी. ही जरा गडद होती, लालसर.

"ही हितली नाय," तो म्हणाला. "इराकातनं शिपाय येतात, सुट्टीवर, दोन दिस झोपायला. त्यांचे कपडे येतात माझ्याकडं. खिसे उलटे करावे लागतात, नायतर मशीन बंद पडतं. खिशातनं ही पडते. रोज झाडू मारतो, तरी चपलेत शिरते." त्याने बोटाने ती गोळा केली. "कुनाच्या तरी दारातली असंल."

 मी त्याची सुरी उचलून उरलेला कांदा चिरायला घेतला. फ्रान्सिसही त्या आठवड्यात हत्तीच्या बाजूने फार चढून बोलला नाही. गंगाधरने मत पुकारलं तेव्हा हसनमियाने हात वर केला, तारखेच्या बाजूने, नेहमीसारखा. मोठा, फुगलेला, साबणाने पांढरा पडलेला तळहात. त्या हाताचं मत मोजताना गंगाधरने बत्ता हळूच टेकवला.

लोक म्हणतात, अमेरिकेची भांडणं नाटकी असतात. असतील. पण नाटक बघणाऱ्याचं पोट खऱ्या भुकेचं असतं, आणि काही वेळा कळवळाही खरा असतो, आणि ही दोन एकाच माणसात भांडू लागली की जगातली कुठलीही संसद फिकी पडते. मी पुढे बरीच अधिवेशनं पाहिली. कागदांचे एवढे गठ्ठे की ते आणायला ट्रॉली लागते, आणि ते कुणीच वाचलेले नसतात. तरी हसनमियाच्या एका तळहाताएवढं वजनदार मत मला तिथे दिसलेलं नाही. यात मी अतिशयोक्ती करत नाही. बाकी ठिकाणी केली असेल.

डिसेंबरात एका सकाळी निकाल लागला. ऐन नाताळाच्या तोंडावर त्यांनाही घरी जायचं होतं. हत्तींनी थोडं सोडलं, गाढवांनी पुष्कळ सोडलं, आणि पैसे मंजूर झाले. तारीख नव्हती. टीव्हीवर लोक एकमेकांच्या पाठी थोपटत होते. दुपारी छावणीतून हसनमियाचा फोन आला: कंत्राटदार म्हणाला, यल्ला, चला, सगळ्यांची कंत्राटं पुढे चालू.

तो संध्याकाळी आला तेव्हा आम्ही त्याच्या पलंगावर उभे होतो, बुटांसकट. फ्रान्सिसने पट्टीचं टोक त्याच्या हातात दिलं. त्याने ओढली. सांगतो, असा चर्रर्र आवाज नजमात पुन्हा झाला नाही. तीन गल्ल्यांतली कबुतरं उडाली, एका मशिदीवरून दुसऱ्या मशिदीवर गेली, आणि खालून कुट्टी ओरडला, "सरकार चालू?"

"चालू! चालू!" आम्ही ओरडलो.

ते पडदे मी पुढे डोळ्यांनी पाहिले. उन्हाळ्याच्या आधी भाभी आली, रुखसार आली. पडदे लावायला सगळा पक्ष, विरोधी पक्ष आणि सभापती हजर होते. हिरवं कापड, पांढरी फुलं, टाके इतके बारीक की मुंगीला दिसू नयेत. आणि पडदे खालून चांगले हातभर आखूड! हसनमियाने विती मोजल्या होत्या आपल्या, साबणाने फुगलेल्या पंजाच्या, आणि भाभीने कापड मोजलं होतं आपल्या विती धरून. एवढी वर्षं लग्नाला झाली, पण दोघांनी हात शेजारी ठेवून कधी बघितले होते कुणास ठाऊक. गंगाधरने खिशातून मोजपट्टी काढली आणि पुन्हा आत ठेवली, माणूस समजूतदार. भाभीने पंजा उघडून हसनमियाच्या पंजावर ठेवला, बघितला आणि म्हणाली, "तुमचा केवढा झालाय ओ!" पडदे तसेच राहिले. त्यांच्याखालून सकाळचं ऊन जमिनीवर पट्टीसारखं पडायचं आणि रुखसार त्यात बसून अक्षरं गिरवायची. ते ऊन मला अजून दिसतं, दर नोव्हेंबरात, खिडकी सरकवली की.

पण मी सांगत होतो ते त्या संध्याकाळचं. खिडकी उघडली, वारं आलं, आणि हसनमियाने दापोलीला फोन लावला. स्पीकरवर टाकला, कारण आम्ही कुणीच दूर सरकायला तयार नव्हतो. पलीकडे नळाचं पाणी बादलीत पडत होतं. हसनमियाने "हॅलो" म्हटलं आणि फोन हातात धरूनच खिडकीकडे वळला. मग फोन मी ओढून घेतला. असा प्रसंग वाया जाऊ देणं माझ्या रक्तात नाही.

"भाभी," मी म्हटलं, "बसलात ना? बसा. ऐका. अमेरिकेची संसद तुमच्यासाठी किती आठवडे भांडत होती माहीत आहे? मोठमोठे लोक जेवले नाहीत. एक पांढऱ्या केसांचा म्हातारा तर रडला, मी स्वतः पाहिला. हत्तीने गाढवापुढे सोंड नमवली, गाढवाने तारीख सोडली. सगळे पैसे मंजूर! कंत्राट पक्कं! आता पिशव्या बांधा, पडदे घ्या, रुखसारला घ्या आणि या. अख्ख्या अमेरिकेने तुमच्या नावाने हात वर केलाय!"

फ्रान्सिसने टाळ्या वाजवल्या. गंगाधरने बत्ता आपटला. हसनमिया नव्याने उघडलेल्या खिडकीत पाठ करून उभा होता.

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"बरा," जुबेदाभाभी म्हणाली. "म्हंजे लढाय चालूच ऱ्हानार."